पहिल्या गिअरमधली जीप

लेक गुंजन तिच्या बाबांची जीप नाशिकला, आपल्या घरी नेणार, हे दिवाळीतच ठरलं होतं. इंजिन जाम झालेलं, तेव्हा ओढूनच न्यायची. जावई प्रवीणराव पिकअप घेऊन आले, लाखनीहून नत्थू मेकॅनिकला बोलावलं. एवढं अंतर दोरीनं ओढत नेणं धोक्याचं, म्हणून त्यानं लोखंडी दांडा आणला. चाकांना ग्रीस लावलं, हवा भरली, मागे लाल दिवा बांधला. सीटखाली जुनं धान सांडलेलं होतं, ते मी चिमण्यांसाठी वेचून ठेवलं.

मी कशालाच नाही म्हटलं नाही. बापाची गाडी लेकीकडे जाते, यात वाईट काय? मनात एकच गोष्ट होती. जीपचा हँडब्रेक कधी धरत नसे, म्हणून गुंजनचे बाबा ती पहिल्या गिअरमध्येच उभी करत. शेवटच्या दिवशीही तशीच उभी केली, घरापुढच्या सपरीत येऊन टेकले आणि उठलेच नाहीत. तेव्हापासून तो गिअर कुणी हलवला नव्हता. रोज बोनेटला कुंकू लावताना मी आत डोकावायची. वेळ येईल तेव्हा माझ्याच हातानं काढीन, असं ठरवलं होतं. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं.

सकाळची माळ होईस्तोवर माझं मौन असतं. लग्नाच्या साली धरलेलं हे व्रत. ते गेले त्या सकाळीही मोडलं नाही.

निघायच्या दिवशी तुळशीपाशी बसले होते, अर्धी माळ झाली असेल. नत्थूनं जीप ढकलून पाहिली. हलेना. "गिअरमधी हाये वाटते," असं पुटपुटत त्यानं आत हात घातला.

"नत्थू, राहू दे."

माझाच आवाज मला परका वाटला. गुंजन जागीच थबकली. "माय, तुयं मौन!"

मी जाऊन त्यांच्या जागेवर बसले. इतक्या वर्षांत त्या बाजूला कधी बसले नव्हते. गिअर निघेना.

"काकू, डाव्या पायानं क्लच दाबा," नत्थू हळूच म्हणाला.

दाबला. मूठ हातात सैल झाली. जीप उतारावर वीतभर सरकली, तशी नत्थूनं चाकाखाली वीट सारली.

नत्थूनं खालचा शाफ्ट सोडला, दांडा जोडला. मी परत तुळशीपाशी बसले. नत्थूनं खालचा शाफ्ट सोडला, दांडा जोडला. पिकअप सुरू झाला. जीपच्या स्टिअरिंगवर बसलेली गुंजन बाहेर वाकून म्हणाली, "येतो व माय."

मी नुसता हात वर केला. हळू जा, एवढंच म्हणायचं होतं. बोटांत चौथा-पाचवा मणी होता.