तलाव ओव्हर

श्रीपादने वॉकीटॉकीचं झाकण उघडलं. आत वर्षापूर्वी त्यानेच तोडलेली तार होती. केसाएवढी. दोन टोकं भांडलेल्या भावांसारखी एकमेकांकडे पाठ करून बसलेली.

"व्हईल का, भाऊ?" महिपतीने स्टुलावरून विचारलं. "पयल्यासारखा पाहिजे. पाऊस तोंडावर आलाय."

"होईल."

पाच मिनिटांचं काम. वर्षभर झालं नव्हतं.

पूर्वी बटण सोडलं की सेट टुक् वाजायचा. बोलणं संपलं, एवढाच त्याचा अर्थ. श्रीपादची हयात रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेलेली, त्याला ते पोरकट वाटायचं. "माणसानं आपलं बोलणं आपल्या तोंडानं संपवावं," असं म्हणून त्याने तार तोडली आणि महिपतीला शिकवलं: आधी आपली जागा सांगायची, मग ओव्हर म्हणायचं. शब्द कमी वापरायचे, बॅटरी जाते. महिपतीने घोकून घोकून पाठ केलं.

मग जुलै. वडिवळे गावाच्या वरच्या अंगाला मोबाइलला रेंज नाही. महिपती डोंगरात पाझर तलावावर. श्रीपाद खाली ओढ्यावरच्या फरशीपुलावर, तलाव सांडल्याचा निरोप आला की वाट अडवायला दोर घेऊन.

तलाव भरून सांडला की मावळात म्हणतात, ओव्हर झाला.

महिपती बोलला:

तलाव ओव्हर.

श्रीपादने ऐकलं:

तलाव. ओव्हर.

म्हणजे, मी तलावावरून बोलतोय, आता तुम्ही बोला.

"फरशी ऐकतेय. बोला. ओव्हर."

पहिलं मिनिट. श्रीपाद वाट पाहतोय, दोर गुंडाळलेलाच.

दुसरं. 'ऐकतेय' एवढंच ऐकून, निरोप पोचला असं समजून महिपती सेट खिशात टाकून खाली धावत सुटलाय.

तिसरं. महिपतीची बायको कस्तुराबाई डोक्यावर भाताच्या रोपांचा भारा घेऊन फरशीपाशी थांबते.

"जा वहिनी," श्रीपाद म्हणतो, "वरून अजून निरोप नाही."

चौथं. वरून लोंढा येतो आणि फरशीच्या मधोमध पोचलेल्या कस्तुराबाईला घेऊन जातो.

गावाने ठरवलं, महिपती नीट बोलला नाही. महिपतीनेही तेच ठरवलं. लेक अपेक्षा तळेगावला कंपनीत, तिने बापाशी बोलणं टाकलं. श्रीपाद गप्प राहिला.

आता त्याने तारेला कथिलाचा डाग दिला. बटण दाबलं, सोडलं. टुक्.

"झाला."

"आता म्या काय बोलायचं, तेबी सांगा. मागल्या टायमाला चुकलो."

श्रीपादने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "तुम्ही चुकला नव्हता, महिपतराव."

आणि त्याने सांगितलं. सगळं. 'जा वहिनी' सुद्धा.

महिपतीचे ओठ हलले. तलाव ओव्हर. तलाव... ओव्हर. "म्हंजी म्या बरोबर बोललो व्हतो?"

"बरोबर. मी चुकीचं ऐकलं. आणि वर्षभर..."

"वरीसभर," महिपती म्हणाला. रागावलाही नाही. "अपेक्षाला सांगा. माजा फोन ती उचलत न्हाई."

श्रीपादने स्वतःच्या फोनवरून लावला, स्पीकर सुरू केला. या वेळी त्याने एकही शब्द वाचवला नाही.

पलीकडे कंपनीच्या यंत्रांची घरघर चालू होती.

"हे मला माहीत नव्हतं, काका," अपेक्षा म्हणाली. "पण आबांना विचारा, आई त्या दिवशी तापानं फणफणली होती. तिला रोपं आणायला कोणी पाठवलं?"

महिपती फोनकडे वाकला. "म्याच."

"हे एकदाही बोलला नाहीत, आबा. ज्याला त्याला वॉकीचं सांगत राहिलात."

फोन बंद झाला.

महिपतीने सेट पिशवीत घातला. दाराशी जाऊन तो थांबला.

"ती वॉकीची चूक माजीच ऱ्हाऊ द्यायची व्हती, भाऊ," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरला.