उसवलेला कोट

भिंगरीला घरीदारी सगळे भिंगरीच म्हणत, कारण बाईसाहेब एका जागी बसतील तर शपथ! कॉलेजात मात्र सरांनी तिला चांगलंच बसवलं. मैत्रिणीच्या गाण्याचा व्हिडिओ करायचा होता आणि हिने ढग, खिडक्या, उडते पडदे असं काय काय गोड गोड जोडून आणलं होतं. सर म्हणाले, दिसतंय छान, पण यात कुणाला काही हवंय का? कुणाचं काही जातंय का? गोष्ट कुठाय?

आता हवं तर तिलाच होतं. बाबांना पुन्हा एकदा शिवताना बघायचं होतं. बाबा शिंपी. आजारपणात उजवा हात थरथरायला लागला, दुकान बंद झालं, आणि तेव्हापासून ते खिडकीशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कोटांचे खांदे न्याहाळत. सुईचं नाव काढलं की विषय संपला.

मग तिला सुचलं, गोष्ट शेवटाकडून सांगायची. बाबांनी एखादा कोट उसवायचा, आपण टिपायचं आणि व्हिडिओ उलटा चालवायचा. उसवायला कुठे स्थिर हात लागतो? जुन्या बाजारातून कसलासा कोट आणते, म्हणाली. बाबा उठले, कपाट उघडलं आणि आईचा राखाडी कोट काढला. त्यांच्या हातचा शेवटचा. आई गेल्यापासून तो जागचा हलला नव्हता. एकदा उसवला की गेला, असं भिंगरीने परोपरीने सांगून पाहिलं.

"परक्याचा कोट मी उसवणार नाही," बाबा म्हणाले. "लाव तुझा कॅमेरा."

त्यांनी कोट हँगरवरून उतरवला, हँगर परत कपाटात अडकवला. आधी बटणं, मग अस्तर, मग कॉलर, मग बाह्या. शेवटी शिवलेलं आधी सुटत गेलं. मैत्रीण कोपऱ्यात हळू आवाजात गात होती. टेबलावरचं ऊन सरकत सरकत भिंतीवर गेलं तेव्हा नुसते तुकडे उरले होते.

दिवेलागणीला तिने व्हिडिओ उलटा लावला. भिंतीवरचं ऊन अलगद टेबलावर उतरलं. दोरे हवेतून तरंगत आले आणि बाबांच्या बोटांखालून कापडात शिरले. थरथर तीच होती, पण आता ती कामाची लगबग वाटत होती. बाही खांद्याला बिलगली, बटणं आपापल्या जागी येऊन बसली, आणि पडद्यावरच्या बाबांनी अख्खा कोट हँगरला अडकवला. खुर्चीतले बाबा हसत होते. किती दिवसांनी! भिंगरीला तर आभाळ ठेंगणं झालं.

तेवढ्यात बाबा उठले आणि त्याच तंद्रीत कपाट उघडलं. आत हँगर रिकामा होता.

ते तिथेच उभे राहिले. भिंगरीला ब्रह्मांड आठवलं. काय करून बसलो आपण हे? तिला रडू फुटलं. बाबा परत टेबलाशी आले. त्यांनी तुकडे सारखे केले, बाही खांद्याला जुळवून पाहिली आणि खणातून सुई काढली. दोरा काही केल्या नेढ्यात जाईना. शेवटी त्यांनी सुई तिच्यापुढे धरली.

"दोरा तू ओव," ते म्हणाले. "टाके मी घालतो. वाकडे पडतील. पडू देत."

भिंगरीने डोळे पुसले, दोरा ओवला आणि त्यांच्याजवळ बसली. कॅमेरा सुरू करायचं तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.