आईच्या खोलीची कडी

पिंपरीच्या एका कारखान्यात चारुलता देवस्थळी टेलिफोन ऑपरेटर होती. बोर्डावर वर्षानुवर्षं बसून साऱ्या खात्यांचे नंबर तिला तोंडपाठ झाले होते. पण १९७४ साली, पाळी बंद होऊन वर्ष होत आलं तसे ते निसटायला लागले. कुणी स्टोअर्स मागितलं की ती पेंटशॉप जोडून द्यायची. भर दुपारी अंगातून वाफा निघायच्या, रात्र रात्र डोळा लागायचा नाही.

चुकांपेक्षा तिला भीती निराळीच होती. तिची आईही याच वयात विसरायला लागली होती. वडिलांनी तिला वाईच्या घरात मागच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. ती कडी आई मरेपर्यंत निघाली नाही. शाळकरी चारू ताट घेऊन गेली की आतून आवाज यायचा, "चारू, आज वार कोणता गं?"

तोच आवाज आता हेडफोनच्या खरखरीत ऐकू येऊ लागला. एकदा ती पटकन "गुरुवार" म्हणून गेली. लाइनवर मॅनेजर होते.

मग मात्र ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "पाळी गेली की शरीरातली हार्मोन्स कमी होतात. झोप उडते, शब्द ओठांवर येऊन अडतात. पुष्कळजणींना होतं. बहुतेकींचं हळूहळू निवळतं. सगळं आम्हालाही अजून कळलेलं नाही."

"माझ्या आईला वेड लागलं होतं."

"कोणी तपासलं होतं त्यांना?"

चारुलता तिथून घरी न जाता चिंचवडला थोरल्या भावाकडे, सदाशिवकडे गेली.

"दादा, आईनं असं केलं तरी काय होतं?"

त्यानं चष्मा काढून पुसला. "दूध उतू जायचं. एकदा पाहुण्यांसमोर तिला माझं नाव आठवेना. बाबांना फार लाज वाटली."

"एवढंच?"

"बाकीचं सगळं आत ठेवल्यावर सुरू झालं."

वहिनीनं दिलेला चहा तसाच निवला.

पुढल्या वर्षी चारुलतेला झोप लागू लागली, नंबरही बरेचसे जागेवर आले. बरोबरीच्या बायका म्हणाल्या, "सुटलीस बाई!" ती कसनुसं हसायची. जसजशी ती बरी होत गेली, तसतसं आईही बरी झाली असती, हे तिच्या मनात पक्कं होत गेलं.