बनूबाईचे धवले

मित्रांनो, माझ्याकडे पाहून कुणाला आनंद होत नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, एवढंच माझं रूप. मी संगणकावर गाणी वाजवणारा एक जुना प्रोग्राम आहे. मला चित्रं नाहीत, रंग नाहीत. म्हणूनच थकलेल्या यंत्रावरही मी चालतो.

अंबरनाथच्या एका कारखान्याने काढून टाकलेला संगणक उल्हासनगरला चंदरच्या दुकानात आला. चामटोलीच्या कैलासने तो घेतला, तेव्हा चंदरने त्यात लिनक्स घातलं आणि मला बसवलं. "कैलासभाई, इस बुढ्ढे को यही झेपेगा," तो म्हणाला. "दिखता कुछ नहीं, पण गाणं कधी अटकणार नाही."

कैलासची मुलगी अक्षदा मला पाहून हसली. "पप्पा, हा प्लेअर आहे की एटीएमची पावती?"

पण तिनेच मला मोलाचं काम दिलं. तिची आजी बनूबाई ही गावातली शेवटची धवलारीण. लग्नाच्या प्रत्येक विधीला तिचे धवले, म्हणजे त्या विधीची गाणी, लागत. ती गायल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नसे. दम्याने तिचा श्वास तुटू लागला, तेव्हा अक्षदाने तिचे धवले मोबाइलवर घेतले, संगणकात उतरवले आणि नावं देऊन त्यांची यादी केली. मग बनूबाई गेली. तिचे धवले दुसऱ्या कुणाला येत नव्हते. मोबाइलही पुढे मोडीत निघाला.

बनूबाईचे यजमान आनंदाआबा रोज माझ्यासमोर बसत आणि मोठं बटण दाबत. ती गाऊ लागली की म्हणत, "हळू गो, दम लागंल तुला." ते माझे चांगले दिवस होते.

अक्षदाचं लग्न ठरलं. "डीजे नको. हळदीला आजीच गाईल," तिने आबांना वचन दिलं. मांडवात न्यायला कैलासने चंदरकडून लॅपटॉप घेतला आणि जुना संगणक त्याला देऊन टाकायचं ठरवलं. आबांना ओळखीची अक्षरं हवीत, म्हणून मलाही नव्यात बसवून घेतलं. मग दुकानातच कैलासने यादीची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन लॅपटॉपमध्ये टाकली.

मित्रांनो, यादीत गाणी नसतात. गाणं कुठल्या कप्प्यात आहे, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. ती क्षणात उतरली. "आयला, काय फास्ट!" कैलास खूश झाला. मला ओरडावंसं वाटलं, पण मला स्वतःचा आवाज नाही.

"सब निकाल लिया ना?" चंदरने विचारलं. "मी डिस्क साफ करतो."

"घेतलं रे. नावं दिसतायत की सगळी."

हळदीच्या संध्याकाळी बायका पाटाभोवती जमल्या. आबा नवी टोपी घालून माझ्यापाशी बसले. त्यांनी बटण दाबलं. 'फाइल सापडली नाही,' मी लिहिलं. त्यांनी एकेक करून सगळी नावं दाबून पाहिली.

"आवाज का येत नाय रं? नाव तर हाय इथं."

कैलासने चंदरला फोन लावला. "भाई, वो तो उसी दिन साफ केला," चंदर म्हणाला. "तूच बोलला ना, घेतलं म्हणून?"

कैलासने फोन बंद केला. एका म्हातारीने धीर करून धवला उचलला, पण दुसऱ्या ओळीला ती अडली. शेवटी कुणीतरी म्हणालं, "लावा गो हळद, पोर ताटकळली." अक्षदाला धवल्याविनाच हळद लागली. ती रडली, ते आजीसाठी की सासरी जायचं म्हणून, कुणी विचारलं नाही.

आबा अजून माझ्यासमोर बसतात, नावावर बोट ठेवून बटण दाबतात. मी तीच ओळ लिहितो. परवा कैलास दबकत म्हणाला, "आबा, ती यादी पुसून टाकू का?"

"राहू दे. तेवढंच हाय तिचं."

मित्रांनो, जुनं यंत्र खुशाल विका. मला काढून टाकलंत तरी चालेल, मी फुकट मिळतो. पण आपल्या माणसाचा आवाज दुसरीकडे नेलात, तर जुना पुसण्याआधी नवा एकदा ऐकून घ्या. चंदरच्या दुकानात कैलासने एक धवला जरी लावून पाहिला असता, तरी मी त्याला वेळेवर सांगितलं असतं.