नुसता होकार

उरणजवळच्या त्या गावात म्हात्र्यांच्या घरी दुपारची जेवणं उरकली होती. येसूबाई अंगणात सुकट वाळत घालत होती, आणि माडीवर तिची धाकटी लेक कल्पिता लॅपटॉपसमोर कपाळाला हात लावून बसली होती. नवी मुंबईतल्या एका कंपनीचं काम ती घरूनच करायची.

काम मोठं चमत्कारिक. कंपनीचा एकच प्रोग्रॅम तीन तऱ्हेच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालायचा, आणि विनंती तीच असली तरी तिघींचं वागणं निराळं. ‘एवढी माहिती डिस्कवर लिहून ठेव’ म्हटलं, की एक खरोखर लिहायची आणि मगच ‘झालं’ म्हणायची. दुसरी ‘जमत नाही’ म्हणून मोकळी व्हायची. तिसरी मात्र न लिहिताच ‘झालं’ म्हणायची. तिच्या भरवशावर प्रोग्रॅम बिचारा आपल्याजवळची जुनी प्रत पुसून टाकायचा, तेवढ्यात वीज जायची आणि सगळंच बुडायचं. मधे बसून या तिघींना एका वळणावर आणायचं, हे कल्पिताचं काम.

‘‘जमत नसेल तर नाही म्हणू दे,’’ ती फोनवर साहेबांना सांगत होती. ‘‘नाही म्हटलं तर प्रोग्रॅम दुसरी वाट तरी शोधतो. खोट्या होकारानं घात होतो.’’

तेवढ्यात खाली येसूबाईचा मोबाइल वाजला. फोन प्राप्तीचा, थोरल्या लेकीचा. तिला खाडीपलीकडच्या गावात दिली होती, गाडीनं अर्ध्या तासाच्या वाटेवर. नवरा मारायचा. दोनदा ती माहेरी निघून आली, आणि दोन्ही वेळा येसूबाईनं तांदूळ-नारळानं ओटी भरून तिला परत पाठवलं. लेकीला दारातून हाकलायचं, पण रीतीनं! अशी आपली माणसं.

‘‘आई, मला घेऊन जा गो. निकेतदादाला गाडी घेऊन पाठव. आता न्हाय ऱ्हावत इथं.’’

‘‘व्हय गो बाय, सकाली येताव. तू रडू नको.’’

जिन्यात उभ्या कल्पितानं आईचं ‘व्हय’ ऐकलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. ती पुन्हा कामाला बसली. दिवसभर यंत्राचे खोटे होकार पकडणाऱ्या पोरीला घरातला होकार तपासावा असं वाटलं नाही. आईच्या शब्दावर कोण शंका घेतो?

सकाळी वडील, मोरूशेठ, अंगणात गाडी धूत होते.

‘‘बाबा, ताईला आणायला कधी निघायचं?’’

‘‘कोन निघतंय?’’

‘‘काल आई हो म्हणाली ना?’’

‘‘तसं म्हनावं लागतं,’’ पाइप बाजूला धरून ते म्हणाले. ‘‘व्हय म्हनलं की पोर गप बसते. गावात काय सांगायचं, मोरूची लेक नांदली न्हाय म्हनून?’’

येसूबाई खाली मान घालून सुकट परतत राहिली. बोलाचीच कढी, बोलाचाच भात! मागच्या वर्षी मुलगा निकेत पुण्याची नोकरी सोडून ‘घरी येतो’ म्हणाला, तेव्हा कुणी गावाचा विचार केला नव्हता. उलट कोंबडं कापलं होतं. मागणं दोघांचं एकच. लेकाला दार उघडलं आणि लेकीच्या तोंडाला पानं पुसली. कल्पितानं खुंटीवरची चावी ओढली आणि गाडी बाहेर काढली.

प्राप्तीच्या सासरी ओट्याखाली माणसं जमली होती. शेजारची म्हातारी ठमी पुढं आली.

‘‘तू भैन ना तिची? कुठं व्हतात गो तुमी?’’ म्हातारीनं तिचा दंड धरला. ‘‘काल सांजच्याला पोरीनं कपडे भरले. नवऱ्याला तोंडावर सांगितलं, सकाली माजी मानसं येतायत, आता हात लावून दाखव. एवढी कधी बोलली न्हवती बग ती. मी म्हनलं, माज्या घरी चल, आजची रात काढ, उद्या तुला भाचीकडं पोचवते. तर म्हनली, न्हाय ठमीमावशी, आईनं व्हय म्हनलंय.’’

रात्री त्यानं तिचं डोकं उंबऱ्यावर आपटलं होतं.

आत प्राप्ती चादरीखाली होती. दाराशी तिची भरलेली बॅग होती, आणि बाजूला चपला, रस्त्याकडं तोंड करून ठेवलेल्या. कल्पिता त्या चपलांपाशीच बसली. घरानं सरळ ‘नाही’ म्हटलं असतं, तर ताई ठमीमावशीकडं गेली असती. जगली असती. आता हे कुणाला सांगायचं आणि कशाला? तिनं पोलिसांना फोन लावला, मग घरी कळवलं.

दुपारी मोरूशेठ आणि येसूबाई आले. येसूबाईच्या हातात हिरवी साडी होती. सवाष्ण गेली की अंगावर माहेरची साडी घालायची रीत. जिवंत लेकीला न्यायला घरची गाडी निघाली नाही, मेलेल्या लेकीच्या साडीसाठी मात्र शेजाऱ्याचीही लगेच मिळाली होती.

‘‘पाय घसरला म्हनून सांगू,’’ मोरूशेठ कुजबुजले. ‘‘दोन्ही घरांची अब्रू हाय.’’

कल्पिता दारात आडवी उभी राहिली. मग पंचनाम्याला आलेल्या हवालदाराकडं वळून म्हणाली, ‘‘नवऱ्यानं मारलं, ते लिहा. आणि येतो म्हणून सांगून आम्ही आलो नाही, तेही लिहा.’’

येसूबाईनं साडी छातीशी घट्ट धरली. ‘‘माज्या व्हयनं मारली गो तिला!’’

नवऱ्याला अटक झाली. मोरूशेठ कल्पिताशी बोलेनासे झाले. दिवाळी आली नि गेली, घरात पणतीसुद्धा लागली नाही.

एका दुपारी कल्पिता माडीवर काम करत होती, तेव्हा कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंचा आवाज आला. त्यांची लेक रचना उन्हाळ्यातच लग्न होऊन सासरी गेली होती.

‘‘व्हय गो रचना, येताव उद्या. गप, रडू नको.’’

कल्पिता उठली आणि जिना उतरून धावत अंगणात आली. पण तिच्या आधीच येसूबाई कुंपणाशी पोचली होती. हातांना सुकट चिकटलेली, पायांत चपला.

‘‘उद्या न्हाय,’’ ती काकूंना म्हणत होती. ‘‘चपला घाल. आता जायाचं.’’

काकूंनी कानाचा फोन खाली घेतला. येसूबाई मागं वळली.

‘‘कल्पे, चावी आन.’’