अकरा गुरुवारांच्या भेटी

शालिग्राम ज्या सरकारी जीपवर ठेकेदारामार्फत ड्रायव्हर होता, ती जीप दर गुरुवारी शेगावला जायची. जीप होती तालुक्यातल्या अंगणवाड्यांवर देखरेख ठेवणाऱ्या साहेबांची, आणि साहेबांची देखरेख असायची शेगावात मेहुण्याच्या लॉजच्या बांधकामावर. गवंड्याला झापायचं, सिमेंटची पोती मोजायची, दुपारी मेहुण्याकडे जेवून ताणून द्यायची आणि पाचच्या आत ऑफिसला परत. डिझेल सरकारचं. सरकारचं म्हणजे तुमचं-आमचंच, पण हे आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही. शालिग्रामही घेत नव्हता.

गाडी कुठं गेली, कशासाठी गेली, किती किलोमीटर चालली, हे लॉगबुकात लिहावं लागतं. लिहायचं ड्रायव्हरनं, खाली सही करायची साहेबांनी. पहिल्या गुरुवारी शालिग्रामनं विचारलं, "साहेब, काय लिहू?"

"लिही कुठलीतरी अंगणवाडी," साहेब मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले. "किलोमीटर तेवढे जुळले पाहिजेत."

किलोमीटर जुळणारी चार-पाच गावं होती. शालिग्रामनं त्यातलं धामणखेड उचललं, कारण तिथली अंगणवाडी सेविका सिंधूताई ही त्याची सख्खी मोठी बहीण. उद्या कोणी विचारलंच, गाडी आली होती का, तर ताई आपल्यासाठी हो म्हणेल. परक्या बाईवर कोण भरवसा ठेवणार? मोठा शहाणा समजत होता स्वतःला. अकरा गुरुवार त्यानं वळणदार अक्षरात 'धामणखेड अंगणवाडी केंद्रास भेट' असं लिहिलं, आणि अकरा वेळा साहेबांनी खाली सही ठोकली.

मग ऑडिट आलं. जीप शेगावला गेली की काशीला, याच्याशी ऑडिटवाल्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांना कागद हवा होता. एकाच अंगणवाडीला अकरा भेटी, त्यावर एवढं डिझेल, मग भेटींचे अहवाल कुठे आहेत?

साहेबांनी एका दुपारी अकरा अहवाल लिहून काढले. अडचण एकच होती. अधिकाऱ्यानं भेट दिली की तिथल्या शेरेबुकात शेरा लिहून सही करायची, असा नियम. धामणखेडच्या शेरेबुकात साहेबांचं एक अक्षर नव्हतं, आणि ते नसायला एकच कारण कागदावर शोभण्यासारखं होतं. केंद्राला कुलूप होतं. साहेबांनी अकराही अहवालांत तेच लिहिलं: केंद्र कुलूपबंद आढळले, सेविका विनापरवानगी गैरहजर. ऑडिटवाल्यांचं समाधान झालं, पोहे झाले, चहा झाला, मंडळी निघून गेली. आणि अकरा वेळा गैरहजर असलेल्या सेविकेला कामावरून कमी का करू नये, अशी नोटीस धामणखेडला पोचली.

सिंधूताई नोटीस घेऊन पहिल्या एसटीनं भावाच्या घरी आली. एकोणीस वर्षं त्या बाईनं अंगणवाडी चालवली होती. अंगात ताप असला तरी लेकरांना शिजवून घालत होती. हजेरीसाठी दिलेला सरकारी मोबाइल दोन वर्षांपासून बंद पडला होता, आणि दुरुस्तीला निधी नाही, असं ऑफिसनं तिला तीनदा कळवलं होतं. पुरावा म्हणून उरली ती तिनंच भरलेली हजेरीची वही. ती वही खरी कशावरून, असं विचारायला साहेब मोकळेच होते.

"तू त्याची गाडी चालवतं ना रे?" ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "मले सांग, कधी आला होता तुहा साहेब माह्या गावाले?"

शालिग्रामनं नोटीस हातात घेऊन तारखा पाहिल्या; अकराही गुरुवार.

"एक दिवस नागा नाही केला मी. एकवीस लेकरं येतात माह्याकडं, त्यायच्या मायांना विचार. काऊन लिहिलं असं त्यानं? काय वाकडं केलं मी त्याचं?"

"मी बोलतो ताई साहेबाशी," शालिग्राम कसाबसा म्हणाला आणि बाहेर सटकला. त्याला स्वतःचीच किळस आली होती.

दुसऱ्या दिवशी तो थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरला. "साहेब, धामणखेडची सेविका माही सख्खी बहीण आहे."

"अरे, मग आधी सांगायचं नाही का?" साहेब म्हणाले. "दुसरं गाव लिहिलं असतं."

हॉटेलात चुकून दुसरी भाजी मागवली गेली, एवढंच वाईट त्यांना वाटलेलं दिसत होतं.

"ते कागद मांगं घ्या साहेब. तिची नोकरी जाते."

"कागद बुलढाण्याला गेले आता. आणि हे बघ, लॉगबुक तुझ्या अक्षरात आहे. गाव तू निवडलंस. मी दिवसाला शंभर सह्या करतो. सुनावणीत विचारलं तर भेटी झाल्या म्हण. नाहीतर तुझ्या ठेकेदाराला माझा एक फोन पुरे, तुझ्या जागेवर उद्या दुसरा ड्रायव्हर येईल."

त्या माणसाची गचांडी धरावी असं शालिग्रामला वाटलं. धरली नाही. उलट खाली येऊन त्यानं जीप पुसली, कारण गुरुवार होता, आणि साहेबांना शेगावला घेऊन गेला. संध्याकाळी लॉगबुक उघडून त्यानं किलोमीटर जुळणारं दुसरं गाव लिहिलं. लिहून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की याही गावात कोणीतरी सेविका असणार. तिचं नावसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं.

सुनावणी बुलढाण्याला वरच्या मॅडमसमोर होती. सिंधूताई पिशवी छातीशी धरून एका कोपऱ्यात उभी होती. साहेबांनी अकरा तारखा खड्या आवाजात वाचून दाखवल्या.

"गाडीवर कोण होतं?" मॅडमनी विचारलं.

शालिग्राम पुढं झाला. "मी होतो म्याडम. गाडी धामणखेडले एकदाबी गेली नाही. अकराही गुरुवार आम्ही शेगावले होतो, साहेबाच्या साल्याच्या लॉजवर. धामणखेड मीच लिहिलं. ही माही बहीण आहे, सांभाळून घेईल म्हणून लिहिलं."

सिंधूताईनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तिला हे आत्ता, चारचौघांत कळत होतं.

साहेब हसले. "बहिणीला वाचवायला खोटं बोलतोय, मॅडम."

"मंग साहेबाले विचारा म्याडम, गावात अंगणवाडी कुठी आहे!" शालिग्राम ओरडला.

"शाळेच्या आवारात," साहेब तत्काळ म्हणाले. "पत्र्याची खोली. मी स्वतः कुलूप पाहिलंय."

शालिग्रामचा धीर सुटला. त्यालाही तीच खोली माहीत होती.

सिंधूताई कोपऱ्यातून पुढं आली. "ती खोली चार वर्षांमांगं पडली, म्याडम. भाड्याच्या खोलीले पैसे नाहीत म्हणे ऑफिसपाशी. तवापासून लेकरं माह्या ओसरीत बसतात. ओसरीले दरवाजाच नाही. कुलूप कायले लावू? नोटिशीले उत्तर धाडलं मी, त्यात लिहिलं हाय हे सारं. वाचलं का कोणी?"

मॅडमनी फाइल चाळली. उत्तर तिथंच होतं, पाकीट न फोडलेलं. साहेब रुमालानं मान पुसू लागले.

सिंधूताईची नोटीस त्याच दिवशी रद्द झाली. साहेबांकडून खुलासा मागवला गेला, आणि खुलासे लिहिण्यात साहेबांचा हात कोण धरणार? शालिग्रामनं खोट्या नोंदी केल्याचं कबूलच केलं होतं. त्याला कामावरून काढायला खुलाशाचीही गरज पडली नाही. जीपची चावी त्यानं तिथंच टेबलावर ठेवली.

बाहेर सिंधूताई स्टँडकडे चालू लागली होती. तो धावत तिच्या मागं गेला. "ताई, वाचली ना तुही नोकरी."

"वाचली."

"माही गेली."

"हाव, ऐकलं मी." ती थांबली, पण त्याच्याकडे वळली नाही. "चार वर्षं लेकरं माह्या ओसरीत बसून राह्यले, अन् तुले ठाऊक नाही. अकरा खेपा माह्या गावाले आला तू कागदावर. खरंच एकदा आला असता, त दिसलं असतं."