काळ्या पट्टीखालचा दिवा

आमच्या स्केटिंगच्या हॉलमध्ये मुलांना पहिल्या दिवशी शिट्टी शिकवतात. एक शिट्टी म्हणजे जागच्या जागी थांबायचं. दोन शिट्ट्या म्हणजे वळायचं आणि उलट्या दिशेने फिरायला लागायचं. चाकांची घरघर, गाणी, पन्नास मुलांचा आरडाओरडा, यात बोललेलं कुणाला कळत नाही. शिट्टी कळते. अकरा वर्षं मी ती माइकमध्ये वाजवत आलो. गाणी लावणं हे माझं काम, पण जबाबदारी खरी त्या शिट्टीची.

हॉलच्या एका टोकाला चार पायऱ्या चढून माझा बूथ. तीन बाजूंनी फळ्या, समोरून उघडा. आत एक टेबल, त्यावर गाणी जुळवायचा मिक्सर, आणि पुढ्यात दोन स्टुलं. दुसरं स्टूल माझ्या नातीचं. लेकीची मुलगी, वय अकरा. गाणं सुरू झालं की तिची बोटं आपोआप टिचक्या वाजवायला लागतात, म्हणून घरात तिचं नाव टिचकी पडलं. दर रविवारी दुपारी ती माझ्याकडे मिक्सर शिकायला यायची.

मला शिकवायला आवडतं, आणि घाई न करता शिकवायला आवडतं. पहिला महिना मी तिला फक्त आवाजाच्या दांड्या वरखाली करू दिल्या. दुसऱ्या महिन्यात ताल जुळवणं. इफेक्टची पट्टी, म्हणजे मिक्सरच्या उजव्या कडेची बटणं, यायला तिसरा महिना उजाडला.

"ही गोल कळ फिरवून कोणता इफेक्ट ते ठरवायचं," मी सांगितलं. "रिव्हर्ब म्हणजे रिकाम्या टाकीत तोंड घालून ओरडणं. इको म्हणजे भिंतीवर मारलेला चेंडू. परत येतो, पुन्हा येतो, दर वेळी जरा दमून येतो. ही दुसरी कळ, इफेक्ट कशावर हवा ते ठरवायला. पहिलं गाणं, दुसरं गाणं, की माइक. ही तिसरी, किती हवा ते ठरवायला. आणि हे मोठं बटण, चालू आणि बंद."

"बटणावर हे काय चिकटवलंय?"

"काळी पट्टी. खाली दिवा आहे. इफेक्ट चालू असला की लुकलुकतो."

"मग झाकलाय कशाला?"

"कान असताना दिवा कशाला लागतो? दिवा बघून मिक्सर चालवणारे कान घरी ठेवून येतात. डोळे मीट आणि ऐक. इफेक्ट बंद केला की माइकमध्ये 'टक' म्हणायचं. नुसतं 'टक' ऐकू आलं तर आवाज कोरडा झाला. मागे शेपूट आलं तर अजून चालू आहे."

ही माझी जुनी पद्धत. माझ्याकडे शिकून गेलेली मुलं ती अजून पाळतात असं ऐकतो. पट्टी सुटायला लागली की मी वरून दुसरी लावायचो. बघता बघता तिचे तीन थर झाले होते.

डीजेचा एक कान हेडफोनमध्ये असतो आणि एक मोकळा. हेडफोनमध्ये पुढचं गाणं ऐकून ताल जुळवायचा, मोकळ्या कानाने हॉल ऐकायचा. आयुष्यभर माझा डावा कान हेडफोनमध्ये राहिला. दोनेक वर्षांपूर्वी त्या कानाला बारीक आवाज येईनासे झाले. आधी हेडफोन बिघडला असं वाटलं, म्हणून दुसरा आणला. मग कळलं की बिघडलेलं काहीतरी वेगळंच आहे. मी गुपचूप हेडफोन उजव्या कानावर घ्यायला लागलो. ताल पुन्हा नीट जुळायला लागला आणि हॉल डाव्या कानावर सोपवला. गाणी बिघडली तर सगळ्यांना कळतं. हॉल कमी ऐकू आला, तर ते फक्त मला कळणार होतं.

घरी हिने ओळखलं होतं. "अहो, वॉशिंग मशीन कधीचं पी-पी करतंय. का कपड्यांनी स्वतः बाहेर यावं म्हणताय?"

"मी वाचत होतो."

"वर्तमानपत्र उलटं धरून?"

मी हसण्यावारी नेलं. टिचकीनेही एकदा विचारलं होतं, "आजोबा, तुम्ही हेडफोनची बाजू बदललीत?" मी म्हणालो, "केस चपटे होतात एका बाजूचे." तिने माझ्या टकलाकडे पाहिलं आणि पुन्हा दांड्यांकडे वळली. शहाणी पोर.

त्या रविवारी लहान मुलांचा खेळ होता, गुहेतल्या राक्षसाचा. टिचकीने माइकवर इको लावला आणि घोगरा आवाज काढला, "कोण आहे रे माझ्या गुहेत?" सात-आठ वर्षांची पोरं किंचाळत हॉलभर पळाली. चष्मेवाला एक मुलगा तर दर वेळी मुद्दाम बूथच्या समोर येऊन ओरडायचा, "मी आहे! मी आहे!" खेळ संपला. मी गाणं लावलं आणि मोठी मुलंही हॉलमध्ये उतरली.

"इको बंद कर," मी म्हणालो.

तिने बटण दाबलं. माइक तोंडाशी घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "टक."

मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "बंद झालाय का?"

माझ्या उजव्या कानावर हेडफोन होता. डाव्या कानाला एकच 'टक' ऐकू आलं होतं. "झालाय. एकदम कोरडा."

"पण मला मागे शेपूट ऐकू आलं. बारीकसं. टक, टक, टक."

"ती समोरची भिंत आहे, बाळा. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये भिंतही थोडं परत देते."

तिने पुन्हा एकदा म्हटलं, "टक." कान दिला. कपाळाला आठी पडली. मग मान हलवून म्हणाली, "भिंत असेल." आणि माइक माझ्यापुढे ठेवला.

पाच मिनिटांनी एका मुलीच्या स्केटचं चाक निखळून हॉलच्या मध्यात घरंगळत गेलं. अशा वेळी जे करायचं तेच मी केलं. माइकमध्ये एक शिट्टी वाजवली.

मला एक ऐकू आली. हॉलला किती ऐकू आल्या ते मी डोळ्यांनी पाहिलं. लहान मुलं थांबली. मोठी मुलं थांबता थांबता गर्रकन वळली आणि उलट्या दिशेने निघाली, कारण त्यांना दुसरी शिट्टी ऐकू आली होती. काही मुलं थांबावं की वळावं या विचारात तशीच पुढे घसरत राहिली. चष्मेवाला मुलगा शिकवल्याप्रमाणे जागच्या जागी थांबला होता. दोन मोठे मुलगे समोरून त्याच्यावर आदळले. तो हातावर पडला.

मनगट मोडलं. त्याची आई त्याला कडेवर घेऊन बाहेर पळाली, एका पायात स्केट तसाच. चष्मा मागेच राहिला होता, तो कुणीतरी काउंटरवर आणून ठेवला.

मॅनेजरबाई बूथच्या पायऱ्या चढून आल्या. बाई कडक, पण कुणावर अन्याय करणाऱ्या नाहीत. त्यांनी माइक उचलला आणि बोट आपटलं. त्यांना काय ऐकू आलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"माइकवर इको चालू आहे. कुणी ठेवला?"

मी तोंड उघडलं. टिचकी आधी बोलली.

"मी. मी बंद केला होता, पण नीट दाबलं गेलं नसेल."

तिचं खरंच होतं. तीन थरांच्या पट्टीखाली बटण दबलं की नाही ते बोटाला कळतच नव्हतं. पण तिने विचारलं होतं. दोनदा तपासलं होतं. तिच्या कानाने तिला बरोबर सांगितलं होतं, आणि मी तिला सांगितलं होतं की तो कान चुकतोय.

मॅनेजरबाई माझ्याकडे वळल्या. "काका, उद्यापासून मुलं बूथमध्ये नकोत. तुमची नात असली तरी."

मी म्हणालो, "बरं."

एवढंच बोललो. अकरा वर्षांत त्या बूथमध्ये मी हजारदा बोललो असेन, पण त्या एका 'बरं'ची मला जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाचीच नाही.

मंगळवारी लेकीकडे गेलो. रेडिओवर गाणं चालू होतं. टिचकी वही पुढ्यात घेऊन बसली होती आणि तिचे दोन्ही हात मांडीखाली होते. बोटं वाजत नव्हती.

लेक स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली, "बाबा, परवापासून अशीच आहे. मघाशी फोन वाजला तर मला विचारते, आई, खरंच वाजतोय ना?"

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. एक हात काढून ती वहीत रेघा मारायला लागली. मग म्हणाली, "आजोबा, कान खराब असतात तेव्हा नसलेले आवाज ऐकू येतात का?"

"का गं?"

"मला शेपूट ऐकू आलं होतं. तुम्ही म्हणालात, भिंत. पण इको तर चालूच होता. म्हणजे भिंत कुठली आणि इको कुठला ते मला कळत नाही. म्हणजे माझा कान डीजेचा नाही." तिने रेघ वहीच्या कडेपर्यंत नेली. "तो चष्मेवाला मुलगा पुन्हा हॉलवर आला तर त्याला काय सांगू?"

मला वाटलं होतं की लपवलं तर फार फार तर माझी खुर्ची जाईल. पण जात होतं ते हे. अकरा वर्षांची मुलगी स्वतःच्या चांगल्या कानावरचा विश्वास सोडून देत होती, आणि तोही माझ्या शब्दावर. तिथेच सगळं सांगून टाकावं असं वाटलं. पण नुसतं सांगितलं असतं तर तिने मानलं नसतं. आजोबा आपल्याला वाचवायला खोटं बोलतात, असंच तिला वाटलं असतं. शिवाय ज्यांच्यासमोर तिने दोष घेतला, त्यांच्यासमोरच तो उतरायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी मी तिला हॉलवर घेऊन गेलो. हॉल रिकामा होता, एक बाई लांबवर फरशी पुसत होती. मॅनेजरबाईंना मी बूथमध्ये यायची विनंती केली. टिचकी खालच्या पायरीवरच थांबली.

"तिला आत येऊ द्या," मी म्हणालो. "पाच मिनिटं."

बाईंनी खांदे उडवले. टिचकी वर आली आणि स्टुलावर न बसता कडेला उभी राहिली.

नेहमीसारखा मी हेडफोन उजव्या कानावर लावला. माइकवर इको ठेवला. बटण दाबलं, नीट, पट्टीतून अंगठा रुतवून. आणि माइकमध्ये एक शिट्टी वाजवली.

"किती ऐकू आल्या?" मी बाईंना विचारलं.

"चार."

"टिचकी?"

तिने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"डोळे मीट. पुन्हा वाजवतो."

मी पुन्हा वाजवली. आवाज पुरता विरेपर्यंत ती तशीच उभी राहिली, हॉलकडे तोंड करून. मग हळू आवाजात म्हणाली, "पाच. पाचवी अगदी बारीक आहे. पार त्या दरवाजापाशी."

"मला एक ऐकू आली," मी म्हणालो.

फरशीवरचं फडकं तेवढं फिरत होतं.

"एक म्हणजे?" मॅनेजरबाई.

"एकच. डावा कान गेला आहे, निदान बारीक आवाजांपुरता. दोन वर्षं झाली. हेडफोनची बाजू बदलून मी निभावून नेत होतो. रविवारी हिने मला विचारलं होतं, इको बंद झालाय का. हिने दोनदा तपासलं. शेपूट ऐकू येतंय असं सांगितलं. मी म्हणालो, भिंत आहे. शिट्टी मी वाजवली. दिव्यावर पट्टी मी लावली."

मी नखाने पट्टी उचकटायला लागलो. पहिला थर सहज निघाला. दुसरा तुकड्यातुकड्यांनी. तिसरा इतका जुना की त्याचा डिंक बोटांना लागून राहिला. खालून निळा दिवा निघाला. लुकलुकत होता.

मॅनेजरबाईंनी हाताची घडी घातली. "दोन वर्षं. या हॉलमध्ये लहान मुलं असतात, काका."

"हो."

"रविवारी मी तुमच्याकडे बघून विचारलं होतं."

"हो."

"या रविवारी तुम्ही इथे बसू शकणार नाही. पुढचं नंतर बघू. आणि त्या मुलाच्या आईला हे तुम्ही स्वतः सांगायचं. मी नाही सांगणार."

"आज संध्याकाळी जातो. चष्माही नेऊन देतो."

मग मी टिचकीकडे वळलो. तिचा चेहरा उजळेल अशी माझी अपेक्षा होती. इतकी वर्षं मुलांना शिकवूनही माणूस मूर्ख राहू शकतो. तिचे डोळे भरले होते, पण रागाने.

"मला ऐकू येत होतं," ती म्हणाली.

"हो, बाळा."

"मी तुम्हाला सांगितलं होतं."

"हो."

"मग तेव्हा का नाही म्हणालात, की मला ऐकू येत नाही? एवढंच म्हणायचं होतं! मी दुसऱ्या कुणालातरी विचारलं असतं!"

माझ्याकडे उत्तर होतं. खुर्ची, लाज, अकरा वर्षं. तिच्यापुढे त्यातलं एकही उत्तर ठेवण्यासारखं वाटलं नाही. "भीती वाटली," मी म्हणालो. "चुकलो."

हाताच्या पालथ्या बाजूने तिने नाक पुसलं.

"ते बंद करा आधी," मॅनेजरबाई दिव्याकडे बोट करून म्हणाल्या. माझा हात पुढे गेला, पण टिचकीचा आधी पोचला. तिने बटण दाबलं. निळा दिवा लुकलुकायचा थांबला. तेवढं पुरेसं होतं. तरी तिने माइक उचलला, डोळे मिटले आणि रिकाम्या हॉलकडे तोंड करून म्हणाली, "टक."

ती ऐकत राहिली. दरवाजापर्यंत ऐकत राहिली. मग तिने डोळे उघडले.

"बंद आहे," तिने मॅनेजरबाईंना सांगितलं.

मला तिने विचारलं नाही.